चांदीचा थर

साहेब, माणूस संपवायला सुरा लागतो असं कोण म्हणतं? तुम्हाला चिंचेचा एक गोळा आणि चुलीतली मूठभर राख पुरली. तीसुद्धा तुम्ही आपल्या हातात धरली नाहीत. हात दुसऱ्याचे होते, राख दुसऱ्याची होती, आणि शिव्या निघाल्या तिसऱ्याच्याच तोंडून. तुम्ही फक्त उभे राहिलात, पांढरेशुभ्र. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही. भीतीपोटी नाही. तुमच्यासारखा एकेक जण तालुक्या-तालुक्याला बसलाय, एकाचं नाव लिहिलं तर बाकीचे सुटतील. गोष्टीत तुम्हाला नुसतं ‘साहेब’ म्हटलंय, गाव म्हणतं तसं. ऐका. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी ऐका.

श्रीरामपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर कारखान्याचं गाव. कारखाना साहेबांचा, पतपेढी साहेबांची, कॉलेज साहेबांचं. डिस्टिलरीच्या मळीचा वास मात्र सगळ्यांचा. तो वास नाकाला बाधायचा तो बाधायचाच, पण चांदीला त्याहून जास्त. ह्या गावात लग्न होऊन आलेल्या पोरीची जोडवी महिन्याभरात कोळशासारखी काळी पडत. मग सासू म्हणे, “रडतीस काय? चिंच लाव, राख लाव, घास.” पैंजण, करंडा, देवघरातली वाटी, सगळं असंच. काळी पडली की घासायची, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही कळतं. चांदीशी वागायची दुसरी रीत ह्या गावाला माहीतच नाही.

ह्याच गावातल्या कॉलेजात अश्विनी भौतिकशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. बाप भीमराज श्रीरामपूरच्या मालधक्क्यावर पोती उचलून थकलेला. आई चांगुणा पोरगी दहावीला असतानाच गेली. घराणं छप्पन साली बौद्ध झालेलं. एम.एस्सी. होईपर्यंत पोरीनं कुणापुढं मान वाकवली ती फक्त सूक्ष्मदर्शकापुढं.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिनं जे उभं केलं होतं, ते पुण्याच्या तिच्या गाईडनीही दोनदा चष्मा पुसून बघितलं होतं. बांगडीएवढं पितळी कडं. कड्याच्या आतल्या बाजूनं टिकलीएवढ्या आठ चकत्या, एकमेकींकडं तोंड करून. चकत्या साध्या नव्हेत. वीज दिली की त्या थरथरतात, सेकंदाला लाखो वेळा, आणि कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतात. कड्याच्या मधोमध काचेची इवलीशी कुपी, तीत पाणी, पाण्यात पावाच्या यीस्टचे कण. समोरासमोरच्या दोन चकत्यांचा आवाज एकमेकांवर आदळला की पाण्यात काही जागा निवांत होतात. भरकटणारे कण त्या निवांत जागांवर ढकलले जातात आणि तिथंच अडकून बसतात. ओळीनं, हूं की चूं न करता. एका चकतीचा ठेका जरा मागं-पुढं केला की निवांत जागा सरकते आणि कणांची ओळही तिच्यामागं सरकते. चिमटा नाही, सुई नाही, हात नाही. नुसता आवाज कणाला धरतो, नेतो आणि ठेवतो.

त्या चकत्या पुण्याच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून गाईडनी मिळवून दिल्या होत्या. “परत मागू नकोस, नाहीतच,” असं सांगून. केसासारख्या तारा तिनं भिंगाखाली श्वास रोखून स्वतः चिकटवल्या होत्या. अडीच वर्षं त्यात गेली. आणि आता दसऱ्याआधीच्या नवमीला पुण्याहून अनुदान देणारी समिती येणार होती. समितीनं हे चालताना बघितलं तर विभागाला अनुदान, आणि संशोधनाची एक कायम जागा. जागेवर नाव अश्विनीचं. नाही बघितलं तर ती जागा जाहिरातीतून भरायची, आणि साहेबांची जाहिरात कुणासाठी निघते हे गावातलं कुत्रंही सांगेल. साहेबांचा भाचा हर्षल त्याच विभागात होता. एम.एस्सी. कशीबशी झालेला. पोरांना कागदावरून वाचून दाखवायचा आणि पान उलटायच्या आत तास संपवायचा.

समितीच्या आठवडाभर आधी साहेब प्रयोगशाळेत आले. बरोबर हर्षल, पिशवी धरल्यासारखा.

“ही काय बांगडी ठेवलीय?” साहेब म्हणाले. “बघू तरी, कॉलेजची वीज कशात जाती.”

अश्विनीनं दाखवलं. साहेब डोळा लावून वाकले आणि तसेच राहिले.

“च्यायला! शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राह्यल्यासारखी उभी आहेत की!”

तिनं बटण फिरवलं. ओळ डावीकडं चालायला लागली.

“चल म्हटलं की चालतंय, थांब म्हटलं की थांबतंय.” साहेब हसून हसून लाल झाले. “हर्षल, हे मशीन आपल्या सभासदांना लावलं पाहिजे. वार्षिक सभेला.”

“मामा, सभेला तुम्ही असताना मशीन कशाला?”

“ऐकू मात्र काहीच येत नाही.”

“कानापलीकडचा आवाज आहे, सर,” अश्विनी म्हणाली. तिला बरं वाटत होतं. कुणीही डोळा लावून बघितलं की तिला बरं वाटायचं, मग तो कुणी का असेना. “उद्या हेच रक्तावर करता येईल. आजारी पेशी न शिवता वेगळ्या काढता येतील.”

“न शिवता!” साहेबांनी हर्षलकडं बघितलं. “हे बाईंना बरोबर सुचलं.”

हर्षलनं रुमाल तोंडावर धरला.

“चेष्टा करतोय, मनावर घेऊ नका. आमच्या कॉलेजात तसलं काही नाही. तुमची कपबशी कुणी वेगळी ठेवलीय का? सांगा. नाही ना?”

नव्हतीच वेगळी. स्टाफरूममध्ये कान तुटलेला एक कप होता आणि तो रोज तिच्याच वाट्याला यायचा, एवढंच.

साहेबांनी कडं उचलून उजेडात धरलं. आतल्या चकत्यांवर बोट फिरवायला गेले. “ह्या अशा काळ्या का पडल्यात?”

“सर, बोट नका लावू!”

आवाज तिच्या हातात राहिला नाही. प्रयोगशाळेतली पोरं वळून बघायला लागली. तिनं सूर खाली आणला. “वर चांदीचा थर आहे, सर. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्याच्यातूनच वीज जाते. तो निघाला की चकती मेली. मळीच्या वासानं काळी पडलीय, पण काळी असली तरी चालते. घासली तर मात्र संपलं.”

साहेबांनी बोट मागं घेतलं. हात लावू नका, असं त्या गावात त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या आईनं लहानपणी म्हटलं असेल तर असेल. हर्षलचं हसणं कुठल्या कुठं गेलं. साहेब मात्र हसतच होते.

“बरोबर आहे. कळत नाही तिथं हात घालू नये माणसानं.” त्यांनी कडं खाली ठेवलं, अगदी अलगद. “समिती येतेय तो दिवस खंडेनवमीचा. आपल्याकडं त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असते, कारखान्यात, गॅरेजात, इथंही. आधी पूजा, मग समिती. ह्या बांगडीलाही हळदकुंकू लावू.”

“कड्याला नको, सर.”

“का?”

“कुंकवाचा एक कण पाण्यात पडला तरी तोच मोठा होऊन बसतो. बाकीचं काही दिसणार नाही समितीला.”

“कुंकू नको म्हणता.”

“कुंकू असं नाही, सर. बुक्का असता, पीठ असतं, तरी मी…”

“तुमच्यात नसतं ते. माहितीय मला. सक्ती नाही.” साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. “राहू द्या यंत्राचं कपाळ पांढरं. तुमची मर्जी.”

पांढरं कपाळ कुणाचं असतं हे तिथल्या प्रत्येक पोराला कळलं. दोघं खुदकले. अश्विनीनं बटण बंद केलं. सरळ उभी असलेली कणांची ओळ मोडली आणि कण गाळासारखे खाली बसले.

साळूबाई कॉलेजात झाडलोट करायची. अश्विनीच्या आईची मैत्रीण. चांगुणा गेल्यावर ह्या पोरीच्या वेण्या तिनंच घातल्या. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत ती अश्विनीला “आशे” म्हणायची, कॉलेजात “म्याडम.” तिनं ती रीत स्वतःच पाडली होती. “तितं मी आशे म्हनलं तर लोक तुला काय समजतील?” असं म्हणाली होती. प्रयोगशाळा झाडायला आली की फरशी दोनदा पुसायची. टेबलावरच्या कशाला हात लावायची नाही आणि काही विचारायचीही नाही. एकदाच फक्त अश्विनीनं तिला डोळा लावायला सांगितला होता. साळूबाई बघून म्हणाली, “मुंग्यावानी दिसत्यात. पर शहान्या हायेत.” आणि पदरानं डोळा पुसला.

त्या चकत्यांना हात का लावायचा नाही, हे अश्विनीनं विद्यार्थ्यांना सांगितलं, हर्षलला सांगितलं, साहेबांना सांगितलं. साळूबाईला कधीच सांगितलं नाही. तसं मनातसुद्धा आलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

अष्टमीला कॉलेजात दसरा काढणं सुरू होतं. दसरा काढायचा म्हणजे घरातलं झाडून सगळं बाहेर आणायचं, धुवायचं, घासायचं, वाळवायचं. बाकीच्या गावाचा हा सणाआधीचा रिवाज. साळूबाईच्या वस्तीत दसरा हा धम्मचक्राचा दिवस. तिथंही भिंतींना चुना लागत होता आणि पताकांच्या निळ्या कागदाची खळ शिजत होती. पण पगार कॉलेजचा होता, म्हणून कॉलेजचा दसरा आधी. बाकं धुतली, कपाटं पुसली, पितळी तराजू आणि घंटा चिंचेनं घासून सोन्यासारखी केली.

दुपारी अश्विनी श्रीरामपूरला निघाली. ताजं यीस्ट हवं होतं. तिथला एक ख्रिस्ती बेकरीवाला तिला कागदात पुडी बांधून द्यायचा आणि “बाई, पाव कधी खिलवणार?” म्हणून विचारायचा.

“मावशी, किल्ली तुझ्याकडं ठेव. फरशी झाली की कुलूप लाव.”

“व्हय. निवांत जा. उद्या तुजं यंत्र बघाया मोठमोठी मान्सं येनार. मी तर आत्ताच वस्तीत सांगून ठिवलंय.”

“काय सांगितलंस?”

“आमच्या चांगुणाची पोरगी आवाजानं मुंग्या हाकती म्हनून.”

अश्विनी पोटभर हसली. त्या वर्षातलं तिचं शेवटचं हसणं ते.

नवमीला सकाळी समिती ठरल्या वेळेच्या आधीच आली. साहेबांनीच गाडी लवकर पाठवली होती. अश्विनी पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, आत उदबत्त्यांचा धूर होता आणि पूजा उरकली होती. तिचं कडं मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. कुंकवाचा ठिपका नव्हता. तिला हायसं वाटलं. पितळ झगझगत होतं, तारा जागच्या जागी होत्या. समितीतले तिघं खुर्च्या ओढून बसले होते.

“सर, पाच मिनिटं द्या, जोडून तपासून घेते.”

“जोडा की. तपासायचं काम ह्यांचं आहे,” साहेब समितीकडं हात करून म्हणाले. तिघंही हसले. मोठ्या माणसाच्या घरी जेवायचं असलं की माणूस हसतो.

तिनं कुपी बसवली, पाणी भरलं, यीस्ट सोडलं, बटण दाबलं.

काही नाही.

बटण फिरवलं. अजून फिरवलं. समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळा लावला. बराच वेळ वाकून राहिले. “कण दिसतायत. खाली चाललेत.”

“एक मिनिट, सर.”

दुसऱ्यानं बघितलं. “साका बसतोय.”

हर्षल मागून म्हणाला, “मॅडम, ताकात काय बघायचं असतं?”

मागं उभी असलेली अख्खी स्टाफरूम हसली. कान तुटलेला कप जिनं रोज ह्यांच्या हातून घेतला, तिच्यासाठी त्या सगळ्यांनी तो हशा जपून ठेवला असावा. अश्विनीच्या कपाळावरचा घाम काचेवर पडला. तिनं तारा तपासल्या. एकही तुटलेली नव्हती. मग तिनं भिंग घेतलं आणि कड्याच्या आत बघितलं.

चकत्या काळ्या नव्हत्या. चांदीच्याही नव्हत्या. मातकट होत्या, भाजलेल्या विटेच्या तुकड्यासारख्या. आठही. कडेच्या खाचेत राखेचा एक कण अडकला होता आणि चिंचेचा आंबूस वास येत होता.



“घासलंय कुणीतरी,” ती म्हणाली.

“काय?”

“थर घासून काढलाय. चांदीचा. हे मेलंय सगळं.”

साहेब खुर्चीतून उठले, सावकाश. “बाई, नीट सांगा. ही मंडळी पुण्याहून आलीयत. यंत्र बिघडलं, का कुणी बिघडवलं, का मुळात चालतच नव्हतं? तीनच गोष्टी असतात. चालत नव्हतं म्हणालात तर विषय मिटला, तुमचाही आणि आमच्या अनुदानाचाही. बिघडवलं म्हणता तर मग कोणी? काल किल्ली कुणाकडं होती?”

दारात साळूबाई उभी होती. नवं लुगडं नेसून आली होती. आपल्या पोरीचं यंत्र मोठ्या माणसांना दाखवतात ते बघायला. तिचा चेहरा अजून हसराच होता. तिला कळलं नव्हतं.

“मावशी, तू घासलंस?”

“व्हय म्याडम. लई काळं पडलं हुतं. अंगठ्यानं हळूहळू घासलं. तारंला धक्का लागू दिला न्हाई. सायबांनीच…”

“गप्प बस!”

अश्विनी ओरडली. अडीच वर्षं, चकत्या, भिंग, बापाच्या खांद्यावरचे घट्टे, तो हशा, सगळं एकदम तिच्या तोंडातून बाहेर पडलं आणि जी समोर होती तिच्यावर कोसळलं. मागं जो उभा होता त्याच्यावर नाही. माणूस असाच मरतो. मारणारा पाठीमागं असतो आणि मरणारा चावतो समोरच्याला.

“तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? अडाणी ती अडाणी! आयुष्यभर लोकांची भांडी घासलीस, दुसरं काही दिसतच नाही तुला. माझं वाटोळं केलंस तू. तोंड उघडू नकोस. एक अक्षर बोलू नकोस!”

साळूबाईनं तोंड मिटलं. तिचं जे अक्षर पुढं येणार होतं ते तिथंच राहिलं.

साहेबांनी समितीकडं बघून मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखी. “ऐकलंत ना? मी काही बोललो नाही. त्यांचंच माणूस, त्यांनीच सांगितलं.” मग साळूबाईला, “जा बाई. उद्यापास्नं येऊ नको.” मग समितीला, “चला, जेवण तयार आहे. हर्षलची एक योजना आहे, जेवताना दाखवतो.”

सगळे गेले. जाताना हर्षलनं तोरणातलं एक झेंडूचं फूल तोडून कड्यावर ठेवलं. अश्विनी बघत राहिली. तिनं ते उचललंही नाही.

संध्याकाळी ती वस्तीत गेली. माफी मागायला गेली असं लिहायला बरं वाटलं असतं. पण ती भांडायला गेली होती. का केलंस, एवढंच विचारायला.

साळूबाईची सून पूजा चुन्याच्या बादलीशी बसली होती. अश्विनीला बघताच ती बादली घेऊन आत गेली. साळूबाई ओट्यावर होती. नवं लुगडं सोडून जुनं नेसली होती.

“मावशी, मला एकदा विचारायचं तरी.”

“इचारलं असतं. तू गेल्ती.”

“मग हातच कशाला लावलास? कधी लावत नाहीस!”

“सायेब आलं हुतं.”

“कधी?”

“तू यष्टीत बसली आसशीन, तेवढ्यात आलं. यकलंच. म्हनलं, साळू, समदं लखलखीत केलंस, आन तुज्या पोरीचंच यंत्र काळंठिक्कर? उद्या लोक काय म्हनतील, यांच्यात सवच्छता न्हाई. मी म्हनलं, सायेब, मी त्याला हात लावत न्हाई. तर म्हनलं, अगं चांदी हाय ती, आतून चांदी. चांदी कशानं उजळती, तुला म्या सांगू? तिला कुंकू नको म्हनली ती, न्हाई लावत. पन उजळून तरी ठिव. खूश हुईल पोरगी.” साळूबाईनं हाताच्या तळव्याकडं बघितलं. “मी चुलीतली राख आनली. चिंच तितं हुतीच. सायेब खुर्ची घिऊन बसलं. आठीच्या आठी हुस्तवर बसून हुतं. इतं राह्यलं, तितं राह्यलं, बोटानं दावीत हुतं. आन सारखं म्हनत हुतं, तारा तोडू नको, साळू. तारा जप. कडं वरनं जसं हाय तसंच दिसाया पायजे.”

गल्लीत पोरं निळ्या पताकांची दोरी ओढत होती. कुणीतरी “जरा ताण की भाड्या!” म्हणून ओरडलं.

“मला वाटलं,” साळूबाई म्हणाली, “येवढा मोठा मानूस, आन आपल्या पोरीच्या येवढ्याशा तारंची किती काळजी करतोय.”

अश्विनी खाली बसली. ती साळूबाईच्या हाताला हात लावायला गेली तर साळूबाईनं हात मागं घेतला. रागानं नाही. भाजलेला माणूस घेतो तसा.

“ते वरचं घासलं की मरतंय, ह्ये त्यानला ठावं हुतं?”

“मी सांगितलं होतं.”

“त्यानला सांगितलंस.” साळूबाईनं पदर खोचला. “आन मला न्हाई.”

“मावशी, मी…”

“आडानी म्हनलीस, ते खरं हाय. भांडी घासली म्हनलीस, तेबी खरं, तुज्या वह्या त्याच भांड्यांतनं आल्या. त्याचं काय न्हाई. पन मी सांगत हुते, आशे. सगळ्यांम्होरं सांगत हुते. तितं तू मला गप केलं. सायबानं न्हाई केलं. तू केलं.” ती उठली. “जा आता. भाकरी व्हायच्यात.”

दार लागलं. लागलेल्या दारावर ओला चुना होता.

दसऱ्याच्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर रांग असते. कारखान्याचे कामगार, कॉलेजचे मास्तर, पतपेढीचे कारकून. प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं. साहेब व्हरांड्यात उभे राहतात, लोक सोनं म्हणून पानं देतात, पायाशी वाकतात, साहेब खांद्याला हात लावतात. कोण आलं नाही, हे साहेब विसरत नाहीत. अश्विनी कधीच गेली नव्हती. त्या दिवशी ती विहारात असायची.

ह्या वर्षी ती आली. विहारातूनच आली, पांढरी साडी नेसून. रांगेत उभी राहिली. पुढच्या माणसानं मागं बघितलं आणि कोपरानं त्याच्या पुढच्याला ढोसलं. हर्षल साहेबांच्या शेजारी ताट धरून होता, ताटात पानांचा ढीग. त्याच्या कपाळाला टिळा होता. जागेची जाहिरात अजून निघायची होती. त्याचा चेहरा मात्र ती निघून जागा मिळाल्यासारखा खुलला होता.

“अरे वा!” साहेब म्हणाले. “बाई! शेवटी आलात. बरं झालं. झालं गेलं विसरायचं, सणाचा दिवस आहे. आणा, सोनं आणा.”

त्यांनी हात पुढं केला. अश्विनीनं मुठीतली वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. टिकलीएवढी, मातकट, तिला केसाएवढी एक तार.

“हे काय?”

“तुम्ही बसून उजळून घेतलं ते.”

“बाई,” हर्षल पुढं आला, “लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत.” तिचा आवाज चढलेला नव्हता. तो कालच सगळा संपला होता. “साहेब, मी काल एका बाईला गप्प केलं. ती तुमचं नाव घेत होती. माझं पाप माझ्यापाशी राहील, ते तुमच्यावर टाकत नाही. एवढंच विचारायला आलेय.”

रांगेतली पानं थांबली. व्हरांड्याखाली एका पोराला त्याच्या बापानं तोंडावर हात ठेवून गप्प केलं.

“घासली तर संपलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. पोरांसमोर सांगितलं होतं, तुमच्या भाच्यासमोर सांगितलं होतं. तरी एक वेळ मी म्हणेन, विसरलात. मोठ्या माणसाच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात. घास म्हणालात, हे मी विसरणं धरते. कळलं नाही, असंही धरते.”

साहेबांनी मूठ मिटायला घेतली. तिनं त्यांचं मनगट धरलं. त्या गावात त्या हाताला तसं कुणी शिवलं नव्हतं.

“पण मग तारा तोडू नको, असं तिला का सांगितलंत? वरून जसं आहे तसंच दिसलं पाहिजे, असं का सांगितलंत? तार तुटलेली असती तर समितीआधीच माझ्या ध्यानात आलं असतं. ज्याला कळत नाही, तो तारा कशाला जपेल? बोला, साहेब. ही सगळी तुमचीच माणसं आहेत. ह्यांच्यासमोर सांगा, का?”